ह्यांच्या वजनाचा ग्राफ

फ्रीगंज, उज्जैन
कोजागरीचा दुसरा दिवस, १९९६

ती. सौ. अक्कांना,

रजनीचा शिरसाष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा आठांतलं एक अंग कमी धरावं आणि बाकीच्यांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.) तुमची कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? ग्वाल्हेरला आमच्या आधी थंडी पडते, तेव्हा मी विणून पाठवलेला मफलर त्यांनी बाहेर काढला असेलच. (काढला नसेल तर मी विचारत होते एवढं तरी त्यांच्या कानावर घालावं.) इकडे महाकालाच्या कृपेने सगळं ठीक आहे. ठीक कसलं, उत्तम आहे! अक्का, सांगायचं इतकं साचलंय की कुठून सुरू करू तेच कळत नाही. तुमच्या मागच्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही म्हणून तुम्ही रागावला असाल, पण कारण ऐकलंत की राग जाईल. तुमची भावजय कॉम्प्युटर शिकली. थट्टा नाही. आमच्या देवघरातल्या बाळकृष्णाची शपथ.

झालं असं की, बारावीनंतर कुठेच प्रवेश मिळाला नाही तर गौरीचं वर्ष रिकामं जायला नको, म्हणून ह्यांनी तिचं नाव टावर चौकातल्या एका कॉम्प्युटर क्लासात घातलं होतं. (हल्ली टावर चौकात दोन दुकानं सोडली की एक कॉम्प्युटर क्लास लागतो. जिथे आपण तुमच्यासाठी लोकर घेतली होती, तिथे आता उज्ज्वल भविष्य मिळतं असा बोर्ड आहे.) फीची पावती खिशात पडते न पडते तोच इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या यादीत गौरीचं नाव झळकलं. आम्ही गल्लीभर पेढे वाटले, तिला हॉस्टेलवर पोचवलं आणि मग हे फी परत मागायला गेले. त्यांनी पावतीच्या मागची बारीक छपाई दाखवली. फी परत मिळणार नाही, पण परिवारातल्या दुसऱ्या सदस्याच्या नावावर चढवता येईल. आता परिवारात सदस्य तीन. एक इंदूरला, एक बँकेत, उरलं कोण? हे म्हणाले, जाऊ दे, सोडून देऊ. अक्का, तुम्ही मला ओळखता. दुधी शिळा झाला तरी मी टाकत नाही, हलवा करते. इथे तर अख्खा कोर्स वाया चालला होता! श्रावण लागल्या लागल्या मी चांगली माहेश्वरी नेसून, पर्समध्ये टोक केलेल्या दोन पेन्सिली घेऊन क्लासात हजर झाले. पेन्सिलीचं तिथे काही काम नसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

कॉम्प्युटरची खोली म्हणजे गाभाराच समजा. चपला बाहेर काढायच्या, धूळ येऊ नये म्हणून खिडक्या बंद, आणि कॉम्प्युटरला उकडू नये म्हणून आत एसी. (माणसांना उकडलं तर ती बाहेर जाऊन उसाचा रस पिऊ शकतात, कॉम्प्युटर जाऊ शकत नाही, असा त्यामागचा विचार.) दुसऱ्या दिवसापासून मी शाल नेऊ लागले. शिकवणारे अनिल सर आपल्या गौरीहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील, पण सर म्हणजे सर, मी त्यांना उठून नमस्कार करायचे आणि ते बिचारे लाजून माझ्याही पाया पडायचे. रोजची पहिली काही मिनिटं आमची त्यातच जात. बाकी वर्गात सगळी कॉलेजची पोरं. मला आंटी म्हणून समोरची खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी माउस हातात दिला. पडद्यावरचा बाण उजवीकडे न्यायचा, तर माउस उजवीकडे सरकवायचा. मी सरकवत गेले, सरकवत गेले, टेबल संपलं, बाण अजून मधेच. मी सरांना विचारलं की यापेक्षा मोठं टेबल आहे का. सर म्हणाले, "आंटी, माउस को उठा के वापस बीच में रख लीजिए ना." उचलला तर बाण पडेल अशी मला भीती वाटत होती. पडत नाही! तुम्हीही कधी प्रसंग आला तर बिनधास्त उचला.

मग आलं ते ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर, आणि अक्का, मी तर वेडीच झाले. आकड्यांच्या उभ्या-आडव्या रांगा भरायच्या, माउसने त्यांच्यावरून हात फिरवल्यासारखं करायचं, एक बटण दाबायचं, की त्या रुक्ष आकड्यांचं चित्र होतं! रंगीत! (रंगीत कॉम्प्युटर वर्गात एकच आहे. त्याच्यासाठी नंबर लावावा लागतो. माझा नंबर पोरं आपणहून पुढे सरकवत, कारण शुक्रवारी मी चिवडा नेत असे.) खांबांचे ग्राफ, रेषांचे ग्राफ, गोल पोळीचे ग्राफ. मी पहिल्यांदा बटण दाबलं आणि निळे खांब टपाटप उभे राहिले तेव्हा माझ्या तोंडून "अगं बाई!" असं इतक्या जोरात निघालं की शेजारच्या खोलीतली टायपिंगची मॅडम बघायला आली. वाण्याच्या पिशव्या, कामवालीच्या दांड्या, लाईट जाण्याच्या वेळा, मला जिकडेतिकडे खांबच दिसू लागले. भाजी निवडतानासुद्धा मी मेथीच्या जुड्या उंचीप्रमाणे लावून ठेवत होते. हे म्हणाले, तुला विश्रांतीची गरज आहे.

कोर्स संपताना प्रत्येकाने आपल्या घरचे आकडे घेऊन एक प्रोजेक्ट करायचा होता, दसऱ्याला सगळ्यांसमोर दाखवायचा. कुणी क्रिकेटच्या धावा घेतल्या, कुणी दुकानाची विक्री. मी ह्यांचं वजन घेतलं. तुम्हाला ठाऊक आहेच, आषाढात डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं की वजन वाढलंय, खाणं कमी करा, नाहीतर गोळ्या सुरू कराव्या लागतील. तुमच्या बंधूंनी डॉक्टरांचा शब्द खाली पडू दिला नाही. त्याच आठवड्यात त्यांनी उपास धरले. सोमवार महाकालाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय एकादशी, चतुर्थी आणि प्रदोष. चातुर्मासच होता, त्यामुळे पुण्य आणि पथ्य एकाच खर्चात. दर रविवारी सकाळी आम्ही स्टेशनवर जाऊन दिव्यांच्या मशीनवर ह्यांचं वजन करत असू. त्या मशीनमधून कार्ड पडतं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मी वजन टिपून घ्यायची, हे भविष्य वाचायचे. आकडे आयतेच तयार होते, मला फक्त भरायचे होते.

पहिल्या खेपेला मी चुकून पोळीचा ग्राफ काढला. प्रत्येक रविवारच्या वजनाचा एकेक तुकडा, सगळे तुकडे सारखे, आणि त्यातून काहीच कळेना. अनिल सरांनी समजावलं की पोळीचा ग्राफ वाटणी दाखवायला असतो. एका पुरणपोळीतली कुणाच्या पानात किती पडली, ते. वजन काही कुणाला वाटलं जात नाही. (वाटता आलं असतं तर काय हवं होतं. निम्मं मी अनिल सरांनाच दिलं असतं, अगदी काडी आहेत.) मग मी सगळं पुन्हा नीट रेषेसाठी भरलं आणि शेवटच्या रविवारपर्यंत आले तेवढ्यात लाईट गेले. आले तेव्हा पडदा कोरा. सरांनी हळूच विचारलं, "आंटी, सेव किया था क्या?" अक्का, माझा अख्खा श्रावण गेला होता. घरी येऊन मी जेवले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी दर ओळीला सेव्ह करते. ह्यांना जेवायला वाढतानासुद्धा एक पदार्थ वाढून झाला की बोट आपोआप दाबलं जातं.

आता खरा घोटाळा ऐका. गणपतीच्या आधी माझा रेषेचा ग्राफ तयार झाला. प्रिंटरने किर्रकिर्र करत अर्धा तास घेऊन तो छापला, कडेला भोकं असलेल्या कागदावर. मी उड्या मारत घरी आणला आणि ह्यांच्या हातात दिला. हे बघत राहिले. रेष डाव्या कोपऱ्यात जमिनीवर होती, उजव्या कोपऱ्यात छताला टेकली होती, मधे कुठे दम घेतला नव्हता. मीही तो तेव्हाच नीट पाहिला, कारण क्लासात मी फक्त रेष किती सुंदर आली आहे तेवढंच पाहिलं होतं. अर्ध्याहून जास्त दिवस निर्जळी नाही पण निराहार काढणारा माणूस, आणि वजन असं रॉकेटसारखं वर! हे खुर्चीत बसले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "रजनी, आत काहीतरी मोठं आहे." दुसऱ्या दिवशी तो कागद घडी करून डॉक्टरांकडे नेला. खात काही नाहीत आणि वजन वाढतंय म्हटल्यावर डॉक्टरही गंभीर झाले, त्यांनी इंदूरला तपासण्या करायला पाठवलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. त्याने हे जास्तच घाबरले. जो रोग तपासणीतसुद्धा सापडत नाही तो किती खोलवर असेल, असं त्यांचं म्हणणं. त्यात त्या रविवारी मशीनच्या कार्डावर आलं, 'आपके जीवन में शीघ्र ही बड़ा परिवर्तन होगा.' संपलंच!

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, कारण त्याच रात्री त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं. माझ्या डोळ्यांदेखत गौरीचं लग्न होऊन जाऊ दे, म्हणून. आणि तुम्ही अक्का, भावाच्या मायेने लगेच ग्वाल्हेरचं ते स्थळ काढलंत, भाऊबीजेला येताना मुलाकडच्यांना बघायला घेऊन येते म्हणालात, मार्गशीर्षात लग्न, शिक्षणाचं पुढे बघू. स्थळ चांगलं आहे यात मला शंका नाही. तुम्ही काढलेलं वाईट कसं असेल? ह्यांनी तुम्हाला शब्द दिला. मी त्या दिवशी एसटीडीच्या दुकानातून गौरीच्या हॉस्टेलवर फोन लावला. मला वाटलं होतं रडेल, भांडेल. ती म्हणाली, "आई, कॉलेजातून नाव कधी काढायचं?" एवढंच. अक्का, दुकानातल्या त्या काचेच्या खोक्यात उभी राहून मी पदराने डोळे पुसले. मुलीचं कॉलेज सुटणार होतं, आणि सगळं कशामुळे, तर मी हौसेने काढलेल्या एका रेघेमुळे.

रेघ चुकीची नव्हती, हीच तर गंमत. दुसऱ्या दिवशी मी अनिल सरांना ग्राफ दाखवला तर ते डोकं खाजवायला लागले. मग त्यांना दिसलं की डावीकडची मोजपट्टी शून्यापासून सुरू होतच नाही, कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने ती ऐंशीपासून घेतली आहे. म्हणजे ह्यांच्या वजनाचे खालचे मजले कापून टाकून फक्त गच्चीचं चित्र काढलंय! शून्यापासून काढली तेव्हा तीच रेष अशी आडवी झाली की चढ आहे हे बोट लावून दाखवावं लागत होतं. अडीच किलो वाढलं होतं, अक्का. दोन महिन्यांत अडीच किलो. मी नवा कागद घेऊन धावत घरी आले. हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघत बसले आणि म्हणाले, "तू माझं मन राखायला दुसरा काढून आणलास. पहिलाच खरा." माणसाला भीती दाखवणारा कागद लगेच पटतो, धीर देणारा पटत नाही, हे मला कुठल्याही क्लासात शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, निदान स्थळाचं तरी थांबवू या. तर म्हणाले, अक्काला शब्द दिलाय.

तेव्हा मी ठरवलं की वजन का वाढतंय तेच ग्राफमधून शोधायचं. वजनाच्या शेजारी खाण्याची रांग. खाणं मोजायचं कशात? मी पोळ्यांत मोजलं, आमच्याकडे तेच माप चालतं. भाताची एक मूद म्हणजे एक पोळी धरली. साध्या दिवशी आठ, नऊ, रविवारी श्रीखंड असेल तर दहा. उपासाच्या दिवशी शून्य. इथे कुणालाच काही खटकलं नाही, अक्का! मला नाही, सरांना नाही. मी मुद्दाम विचारलंसुद्धा की उपासाला काय लिहू, तर सर म्हणाले, "उपवास में तो ज़ीरो ही आएगा ना आंटी," आणि मागच्या पोरांनीही माना डोलावल्या. एकाने शंका काढली की चहा धरायचा का, तर बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. चहाने उपास मोडत नाही. खांब उभे राहिले. साधे दिवस उंच, उपासाचे दिवस जमिनीवर सपाट, आणि ज्या आठवड्यात सपाट दिवस जास्त, त्या आठवड्यानंतर वजनाची रेष वर! सरांनी आकडे पुन्हा एकदा तपासले. शेवटी म्हणाले की डेटाच्या हिशेबाने अंकलना उपासच बाधतोय. मला आधी देवाचा कोप वाटला, मग देवाची परीक्षा वाटली. वर्गात दोन तट पडून भांडण चाललं होतं.

तोडगा निघाला तो भलत्याच ठिकाणाहून. प्रोजेक्टला दोन ग्राफ लागतात, आणि मला दुसरा सुचत नव्हता म्हणून मी घरात महिन्याला काय काय वाणसामान लागतं त्याचे खांब काढायचे ठरवले. ते माझ्या तोंडपाठ आहे. गहू, तांदूळ, डाळ, साखर, तूप, दाणे, साबुदाणा, वरई, शिंगाड्याचं पीठ. आषाढाच्या आधीचा महिना आणि नंतरचा महिना, शेजारी शेजारी. बटण दाबलं. गव्हाचा खांब बसका झाला होता आणि साबुदाण्याचा खांब पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकला होता. त्याच्या शेजारी दाणे, त्याच्या शेजारी तूप. मला वाटलं हात लागून एखादं शून्य जास्त पडलं. तपासलं. पडलं नव्हतं. अक्का, मी तिथेच हसायला लागले, आणि हसता हसता रडू यायला लागलं, कारण ते सगळं माझ्याच हाताने तर होत होतं! सकाळी साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट आणि साजूक तूप. दुपारी बँकेच्या डब्यात वरी आणि दाण्याची आमटी. चारला दुसऱ्या कप्प्यातला बटाट्याचा कीस. रात्री शिंगाड्याचा शिरा, आणि झोपताना पोटाला आधार म्हणून केळ्याची शिकरण. उपास आहे, बिचाऱ्यांना अशक्तपणा यायला नको, म्हणून मी वाढत होते, आणि पोळी नाही म्हणून शून्य लिहीत होते. सरांना सांगितलं तर त्यांचे डोळे मोठे झाले. ते इतकंच म्हणाले, "आंटी, हमारे यहाँ भी यही होता है." त्या संध्याकाळी सरांनी म्हणे घरी जाऊन आईचा साबुदाण्याचा डबा उघडून पाहिला.

दसऱ्याला क्लासात आधी कॉम्प्युटरची पूजा झाली. (हळदकुंकू मीच वाहिलं. एक झेंडूची पाकळी फ्लॉपीच्या फटीत गेली ती अजून आत आहे, पण मशीन चालतं.) मग सगळ्यांचे आईवडील खुर्च्यांवर बसले, आणि पालक म्हणून माझ्यासाठी हे. मी ग्राफवर नाव घातलं नव्हतं, फक्त 'फ्रीगंजमधले एक सज्जन' असं लिहिलं होतं. पण बायकोने उठून फ्रीगंजमधल्या एका सज्जनाचं वजन सांगितल्यावर लोक कुणाकडे बघणार? माझे हात थरथरत होते, पहिली दोन वाक्यं कशी बोलले आठवत नाही. मग पडद्यावर खांब आले आणि माझी भीती कुठे पळाली कळलंच नाही. हिंदीत बोलले, अक्का, एवढ्या लोकांसमोर! मोजपट्टी शून्यापासून का घ्यायची ते सांगितलं, उपासाचं शून्य कसं फसवतं ते सांगितलं, आणि साबुदाण्याचा खांब दाखवला तेव्हा सभेत असं हसू पिकलं की पहिल्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "तो फिर बेटा, फरियाली में खाएँ क्या?" (फरियाली म्हणजे आपला उपासाचा फराळ.) टाळ्या तर किती वेळ चालल्या होत्या. हे हसले नाहीत. पुढच्या गुरुवारी मात्र खिचडीचं ताट पुढे ठेवलं तर अर्धी परत काढायला लावली आणि म्हणाले, दोन केळी दे, झालं. काल रविवारी मशीनने अर्धा किलो कमी दाखवलं. रोग नाही, काही नाही. फक्त भक्ती जरा जास्त झाली होती.

तर असा हा आनंदाचा हिशेब. भाऊबीजेला याल तेव्हा तुम्हाला सगळे कागद दाखवीन. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
रजनी

ता. क. १ : क्लासवाल्यांनी दिवाळीनंतर बायकांची एक दुपारची बॅच काढायची ठरवली आहे आणि त्यांना ग्राफ मी शिकवावा असं म्हणतायत. मला चपला काढून आत गेल्यावर बसायला खुर्ची नाही, उभं राहायला फळा मिळणार! अजून ह्यांना सांगितलं नाही.

ता. क. २ : अक्का, आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते, कारण वर सांगायचा धीर झाला नाही. ते स्थळ तुम्ही परत पाठवा. हे तुम्हाला दिलेला शब्द मोडणार नाहीत, लहानपणापासून तुमच्या शब्दापुढे त्यांनी मान वर केलेली नाही. आणि दसऱ्यापासून मी त्यांना त्याबद्दल विचारलेलं नाही, कारण पुन्हा 'अक्काला शब्द दिलाय' म्हणाले तर माझ्याजवळ दुसरा ग्राफ नाही. तेव्हा तुम्हीच लिहा की मुलाकडच्यांनी बेत पुढे ढकलला, पत्रिका जमली नाही, काहीही. तुमच्या मनाला लागेल हे मला कळतं. तुम्ही कष्टाने जुळवून आणलंय. पण गौरीला शिकायचंय, अक्का. तिला राहू द्या. मी पदर पसरून मागते.

ता. क. ३ : मी असं लिहिलंय हे ह्यांना कळू देऊ नका. पाकीट चिकटवून त्यांच्याच हाती पोस्टात द्यायला देते आहे. ते दुसऱ्याची पत्रं वाचत नाहीत.

ता. क. ४ : अक्का, अक्षर ओळखशीलच. डिंक ओला होता. मी तुला दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलं आहे की स्थळाला नकार कळव, शब्द मोडल्याचा दोष माझ्यावर घेऊन. पत्र मिळालंच असेल. तू रागावली असशील तर भाऊबीजेला समोरासमोर रागव. रजनीला वाटतं मला तिच्या ग्राफने पटवलं. तसं नाही. ग्राफ अर्धवट आहे. घरचा उपास आटपून मी बँकेतून सुटल्यावर टावर चौकात दुसरा उपास करत होतो, गाड्यावरच्या फरियाली खिचडीचा, वर शेव घालून, आणि तो खांब त्यात कुठेच नाही. तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि मी खरा आकडा मनात घेऊन बसलो होतो. पण समोर ती उभी होती, हात थरथरत होते, आणि मग एकदम थरथरायचे थांबले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हिला काही शिकून इतका आनंद होतोय, तर एकोणिसाव्या वर्षी गौरीला किती होत असेल, एवढंच मला तिथे दिसलं. तो मी घाबरून काढून घ्यायला निघालो होतो. तू आता एक कर. रजनीला उत्तर पाठव की तुझं पत्र वाचलं आणि म्हणून स्थळ परत पाठवलं. माझं पत्र आधी आलं होतं हे लिहू नकोस. तिला वाटू दे की तिने केलं. इतक्या वर्षांत तिला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं, आणि आता मला त्याची सवय लागली आहे. — बापू